गाडीला हात न लावण्याची गॅरंटी

सांडूमामांच्या खांद्यावर पिवळं फडकं दिसलं नाही, तर मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत लोक तब्येतीची चौकशी करतात. सरकारी ड्रायव्हरची नोकरी सुटून जमाना झाला, पण फडकं काही सुटलं नाही. सकाळी उठून आधी सुनेची स्कूटी पुसायची, मग मुलाची मोटरसायकल, आणि तेवढ्याने भागलं नाही की शेजाऱ्याची. शेजारी ओशाळून खाली आला की मामा म्हणणार, "असू द्या हो, हात रिकामाच व्हता." त्यांची बायको पारूबाई हे सगळं ओट्यावर बसून बघते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, "ह्यांना उद्या सरणावर ठिवलं ना, तर उठून आधी लाकडं पुसतील."

हसणाऱ्यांनी हसावं. पण ज्यांनी मामांचे ते दिवस पाहिले, त्यांना या फडक्याचं हसू येत नाही.

सांडू हिवराळे मूळचे लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गावात जीप आली की सगळी पोरं तिच्यामागे धावत सुटायची. सांडू धावायचा नाही. ती थांबेल तिथे जाऊन तो तिच्या गरम बॉनेटजवळ उभा राहायचा. पुढे लायसन निघालं, एका सरकारी खात्यात चिकटले, आणि खात्याने एक पांढरी जीप त्यांच्या ताब्यात दिली. तेव्हा औरंगाबाद अजून औरंगाबादच होतं. जालना रोडवरून सायकलवाल्याला मधोमध गाणं म्हणत जाता यायचं आणि चिकलठाण्याच्या पुढे दोन्ही अंगांना ज्वारी डुलायची. साहेब बदलत गेले. कोणी तापट, कोणी पानखाऊ, कोणी गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागणारा. जीप आणि सांडूमामा तेवढे जागचे हलले नाहीत.

ती जीप काय चीज होती हे आताच्या माणसाला सांगून पटायचं नाही. रोज सकाळी बादलीत पाणी, पाण्यात बूचभर रॉकेल आणि त्यात पिळलेलं फडकं. पत्र्याला अशी काही चकाकी यायची की कचेरीच्या आवारातल्या बाकीच्या गाड्या तिच्याशेजारी ओशाळवाण्या दिसायच्या. सीटवर पांढरे टर्किश टॉवेल. ते पारूबाई घरी आणून, नीळ घालून धुवायची आणि दोरीवर वाळत टाकले की अख्ख्या गल्लीला कळायचं, साहेब उद्या दौऱ्यावर निघणार. वैजापूरकडचा दौरा असला की येताना लासूर स्टेशनला चहा ठरलेला. हॉटेलवाला आधी जीपला सलाम ठोकायचा आणि मग साहेबाला. एकदा शिवनेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला. मामांनी साहेबाला जवळच्या शाळेत नेऊन बसवलं आणि आपण जीपमध्ये येऊन बसले. पाणी वाढलंच तर तिला मागे घ्यायला कोणीतरी नको का, हा त्यांचा सवाल होता.

शेवटी जीप म्हातारी झाली आणि लिलावात निघाली. भंगारवाला यायच्या दिवशी मामा सकाळीच बादली घेऊन हजर. कचेरीतला कारकून म्हणाला, "अहो सांडू, तोडायला चाललेली गाडी कशाला धुताय?" मामा म्हणाले, "पोरीला सासरी धाडताना काय मळकी धाडतो का आपन?" मामांनी तिची चाकंसुद्धा सोडली नाहीत.

अशा माणसाच्या मुलाने, राजकुमारने, गाडी घ्यायची ठरवली. राजकुमार चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तो बापासारखाच कष्टाळू, आणि खर्चाच्या बाबतीत त्याचा हात असा आखडता की कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन गाडे पालथे घालील. कर्ज मंजूर झालं, रंग ठरला, आणि सांडूमामांनी काय करावं? शहागंजात जाऊन पिवळ्या कापडाचा तागा बघितला, त्यातून चांगली मोठी फडकी फाडून घेतली आणि पारूबाईच्या मागे लागून त्यांच्या कडा शिवून घेतल्या. उभ्या आयुष्यात दुसऱ्याची गाडी पुसली. आता घरची चारचाकी पुसायची होती. म्हातारपणी माणसं दातांसाठी झुरतात, गुडघ्यांसाठी झुरतात. मामांना एवढंच हवं होतं.

जालना रोडवरच्या शोरूमला सगळे मिळून गेले. राजकुमारने विम्यावरून हुज्जत घातली, पायाखालच्या मॅटवरून तर अशी घासाघीस केली की त्याची बायको निशा लाजून पाणी प्यायला उठून गेली. ती परत आली तेव्हा प्रेरणा नावाची शोरूमची मुलगी शेवटचा विषय काढत होती.

"सर, पेंट प्रोटेक्शन आणि सीटचं कोटिंग घेऊनच टाका. रंगावर तीन थर चढतात. ऊन म्हणा, धूळ म्हणा, पक्ष्यांची घाण म्हणा, काही लागत नाही. सीटवर चहा सांडला तरी मोत्यासारखा ओघळून जातो."

निशा शाळेत शिकवते, तिला उत्तर पटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे कंपनीवाले रंग कच्चाच लावून पाठवतात का?"

"तसं नाही मॅडम, ही एक्स्ट्रा काळजी."

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी अतुलभाऊंचं दुकान आहे. ते म्हणतात, पॉलिशची एक डबी आणली अन् अधूनमधून हाताने लावली तरी गाडी नव्यासारखी राहते."

प्रेरणा यावर काही बोलणार तेवढ्यात राजकुमारने मध्येच विचारलं, "हे केलं तर रोज पुसायची गरज नाही ना?"

"बिलकुल नाही सर. उलट कोरड्या फडक्याने पुसूच नका, चरे पडतात. आठ-पंधरा दिवसांनी नुसतं पाणी मारायचं. हात लावायचं कामच नाही."

"करून टाका," राजकुमार म्हणाला. मॅटसाठी रक्त आटवणारा माणूस किंमत ऐकूनही हो म्हणाला. निशा त्याच्याकडे बघतच राहिली. सांडूमामा शोरूममधल्या गाडीच्या दारावरून हळूच हात फिरवत होते, त्यांनी तो मागे घेतला. नव्या फडक्यांची पिशवी त्यांच्या काखेत होती, ती तशीच घरी आली.

गाडी घरी आली त्या दिवशी आधी विहारात नेली, वंदना झाली, ओळखीपाळखीच्या लोकांनी जयभीम घालून हार घातला. मागच्या काचेवर निळं स्टिकर लावायचं ठरलं होतं, तर राजकुमार म्हणाला, आठवडाभर काही चिकटवायचं नाही, पाणी मारायचं नाही, कोटिंग वाळायचंय. पारूबाई म्हणाली, "गाडी आनली का बाळंतीन? आठ दिस पानी नको, हात नको."

आता या कोटिंगवर चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पारूबाई गाडीत बसायची ती आधी आपलं जुनं लुगडं सीटवर अंथरून. राजकुमार वैतागायचा, "आई, सीटला कोटिंग केलंय ना!" तर ती म्हणायची, "मंग त्या कोटिंगला डाग पडंल की." आणि झालंही तसंच. बहिणीच्या घरी जाताना किटलीत येसर मसाल्याची आमटी घेतली होती, गतिरोधक आला, किटली कलंडली. त्या दिवशी नेमकं लुगडं नव्हतं, कारण मुलाने शपथ घातली होती. आमटीतलं पाणी खरंच ओघळून गेलं, ते मान्य करायला हवं. पण हळद आणि तेल मात्र शिवणीत जाऊन बसलं आणि निशाने किती पुसलं तरी हटेना. शोरूमला फोन केला, तर तिकडून गोड आवाजात उत्तर आलं की हळदीचे डाग गॅरंटीत येत नाहीत. मराठवाड्यातल्या माणसाला संरक्षण विकायचं आणि त्यातून हळद वगळायची, म्हणजे छत्री विकून पाऊस वगळण्यासारखं झालं. पण विकणाऱ्याला कोण बोलणार? बोलणी खाल्ली ती पारूबाईच्या किटलीने.

सांडूमामा या सगळ्यात नव्हते. ते ओट्यावर बसून राहायचे. गाडी समोर लिंबाच्या झाडाखाली उभी. राजकुमार कंपनीच्या बसने ड्यूटीला जायचा, त्यामुळे ती दिवसभर तिथेच. तिच्यावर लिंबोळ्या पडायच्या, रेल्वे पुलाच्या कामावरची धूळ येऊन बसायची, चिमण्या टपावर बसून हवं ते करायच्या. मामा बघायचे. एकदा उठले, खांद्यावरचं फडकं हातात घेतलं, तर नेमका राजकुमार घराबाहेर आला. त्याने बापाचा हात धरून परत ओट्यावर बसवलं आणि मायेने म्हणाला, "बाबा, आयुष्यभर लई पुसलं. आता नुसतं बघत बसायचं." माया होती हे मामांना कळत होतं. म्हणून तर उलट बोलता येईना.

त्यांचं जेवण कमी झालं. पारूबाईने विचारलं, "काय दुखतंय का?" तर म्हणाले, "दुखत काय नाय. करमत नाय." असं ते कधी म्हणाले नव्हते, अगदी जीप गेली तेव्हाही नाही. पारूबाईला वाईट वाटलं, पण मुलाला सांगावं तर त्याने एवढा पैसा घातलेला. ती गप्प राहिली, ही त्या बाईच्या आयुष्यातली एक दुर्मीळ घटना.

मग एक दिवस जे व्हायचं होतं ते झालंच. राजकुमार पहिल्या पाळीला, निशा शाळेत, पारूबाई शेजारी पापड लाटायला गेलेली. मामा उठले. रॉकेल आजकाल औषधालाही मिळत नाही, म्हणून पंपावर जाऊन प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं डिझेल आणलं. बादलीत पाणी, पाण्यात बूचभर डिझेल. पिशवीतलं नवं फडकं काढलं, बुडवलं, पिळलं आणि सुरुवात केली. हाताला काही सांगावं लागलं नाही. दाराच्या मुठीखालचा कोपरा, आरशाची मागची बाजू, नंबरप्लेटची किनार, जिथे जिथे धूळ दडते तिथे हात आपोआप जात होता. मामांच्या तोंडून कधी गुणगुणणं सुरू झालं त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पत्रा उजळत गेला तसतसे ते वैजापूरच्या रस्त्याला लागले, टॉवेल पुन्हा दोरीवर वाळायला लागले, आणि लासूरच्या हॉटेलवाल्याने चहाचा कप पुढे केला. इतकं सुखाचं काम त्यांना कितीतरी वर्षांनी मिळालं होतं.

संध्याकाळी राजकुमार आला आणि गाडीपुढे थबकला. "बघ निशा," तो म्हणाला, "तू नको नको म्हणत होती. धूळ बसतच नाही हिच्यावर. कोटिंगचे पैसे वसूल."

मामांनी खाकरल्यासारखं केलं आणि आत जाऊन पोटभर जेवले.

इथेच त्यांनी सांगून टाकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मुलगा खूश, आपणही खूश, मग कशाला? राजकुमार पहिल्या पाळीला गेला की बादली निघायला लागली. राजकुमारने कंपनीत चौघांना कोटिंगची शिफारस केली, त्यातल्या दोघांनी करूनही घेतलं आणि आमच्या गाड्या तशा का चमकत नाहीत म्हणून त्याच्याशी वाद घातला. एक गोष्ट मात्र मामांच्या ध्यानात येत होती. जीपचा रंग वेगळा होता. ही गाडी पुसल्या दिवशी झकास दिसायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर धूळ अशी चिकटायची जणू गूळ लावलाय. म्हणून मामा बूचभराऐवजी दोन बुचं टाकायला लागले.

सहामाही तपासणीला दोघं बापलेक शोरूमला गेले. तपासणाऱ्याने बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि राजकुमारकडे बघितलं. "सर, डिझेलने पुसलीय ही. तुमचे थर गेले. गॅरंटी रद्द होते यात."

"शक्यच नाही," राजकुमार चिडला. "पैसे घेताना गोड बोलता अन् आता खोटं सांगता का? आमच्या गाडीला कोणी हातसुद्धा लावत नाही."

आजूबाजूची चार माणसं बघायला लागली. प्रेरणाही काचेच्या केबिनमधून बाहेर आली. राजकुमार आणखी काही बोलणार, तोच मामा म्हणाले, "म्या लावला."

राजकुमारने मान वळवली.

"तू ड्यूटीला गेला की म्या पुसतो तिला. ह्या मान्साचं खरं हाय. त्याला बोलू नको."

प्रेरणाने "काका, पाणी घ्या," म्हणून ग्लास पुढे केला, तो मामांनी नुसता हातात धरून ठेवला. मुलाच्या घामाचा पैसा आपण फडक्याने पुसून टाकला, आणि वर लोकांत त्याला खोटं पाडलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. परतताना गाडी सिग्नलला थांबली, सुटली, परत थांबली.

शेवटी मामा म्हणाले, "चुकलं माझं, राजू. पैशे गेले तुझे."

"पैशाचं सोडा हो." राजकुमार समोर बघत होता. "ते मी गाडीसाठी घेतलंच नव्हतं. मला काय कळत नाही का रंगातलं? कंपनीत रंगकामच बघतो मी. डबीनं भागतं हे मलाबी ठाऊक होतं."

"मंग?"

"तुमच्यासाठी घेतलं होतं."

मामांना काही उलगडेना.

राजकुमार सांगायला लागला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा राहिला नाही. "मी चौथीत होतो. आईनं डबा देऊन मला बंगल्यावर पाठवलं होतं. तुम्ही खाली बसून चाक पुसत होते. तेवढ्यात साहेबाचा पोरगा आला, माझ्याएवढाच. बुटाला चिखल. त्यानं तुम्ही पुसलेल्या मडगार्डवर बूट ठेवला, नाडी बांधली अन् गेला निघून. तुम्ही त्याला काहीच बोलले नाही. परत पुसलं. मी डबा पायरीवर ठेवला अन् पळालो. तेव्हाच ठरवलं होतं, माझी गाडी येईल तेव्हा बाबांच्या हातात फडकं येऊ द्यायचं नाही. म्हणून शोरूममध्ये हात लावायचं काम नाही म्हटल्याबरोबर हो म्हणालो."

गाडी मुकुंदवाडीच्या गल्लीत वळली. राजकुमारने ती लिंबाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं. उतरलं मात्र कोणीच नाही.

"तुला लाज वाटली का रं माझी?" मामांनी विचारलं.

"लाज नाही. राग आला. त्या पोराचा आला, साहेबाचा आला." तो थांबला. "अन् तुमचा. कारण त्यानं बूट ठेवला तरी तुम्ही गुणगुणतच होते."

तो दिवस मामांना चांगला आठवत होता, फक्त त्यात बूट नव्हता.

"ते पोरगं काय मला याद नाय," ते म्हणाले. "तू आला व्हता ते याद हाय. डबा ठिवला अन् पळाला. लई वाईट वाटलं मला त्या दिशी."

"तुम्हाला कशाचं वाईट वाटलं?"

"जीपला नवा रंग दिला व्हता तवा. बॉनेटमधी तोंड दिसायचं, आरशावानी. तुझी आई म्हनली व्हती, आज डबा राजू घेऊन येतो. म्या सकाळपसून घासत व्हतो, की पोरगं आलं की त्याला उचलून त्याचं तोंड दावू. चाक तेवढं ऱ्हायलं व्हतं. उठून बघतो तर तू फाटकाबाहीर."

राजकुमारने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, ते तसेच राहिले.

"जीप साहेबाची होती, बाबा," तो हलकेच म्हणाला.

"साहेब कैक आले अन् गेले. त्यांना तिचं काय ठाऊक? जीप माझी व्हती रं." मामांना आता बोलल्याशिवाय राहवेना. "आपल्या वस्तूला हात लावला तर कोनी काय म्हनावं? तू मला हातच लावू देईना."

राजकुमारने डोळे पुसले, शर्टाच्याच बाहीने. मग दार उघडून खाली उतरला, गाडीला वळसा घालून बापाच्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला.

"दाखवा," तो म्हणाला.

"काय?"

"माझं तोंड."

सांडूमामा उतरले. दोघं बॉनेटसमोर उभे राहिले. डिझेलवर धूळ बसून बसून त्या पत्र्याची पार रया गेली होती, आणि त्यात ना बाप दिसत होता ना मुलगा. मामांनी वाकून, डोळा बारीक करून तो पत्रा नीट बघून घेतला.

"आत्ता नाय दिसायचं," ते म्हणाले. "आधी साबनाच्या पान्यानं हे डिझेल काढावं लागंल. अन् त्या अतुलकडून डबी आन. जा, आधी बादली घिऊन ये."

राजकुमार बूट न काढताच घरात बादली आणायला गेला.